वाटीवरचा पत्ता

माझ्या मिठाच्या बरणीचं झाकण मागेच कुठेतरी हरवलं. तेव्हापासून तिच्यावर एक स्टीलची वाटी पालथी असते. वाटीवर आमच्या महिला मंडळाचं नाव कोरलेलं आहे, त्याखाली 'हळदीकुंकवाची भेट', आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत एका वेबसाइटचा पत्ता. कोरणाऱ्याने त्यातला डॉट इतक्या जोरात ठोकलाय की वाटीला आतून पोचा आलाय. आज तो पत्ता कुणी कॉम्प्युटरवर टाकलाच, तर मोबाइलच्या रिंगटोनच्या जाहिराती उघडतात. नाचणाऱ्या बाहुल्या वगैरे.

वर्षभर ती वाटी मला काही बोलत नाही. रोज दहा वेळा उचलते, दहा वेळा ठेवते. पण चैत्र लागला, भाईंदरच्या उरल्यासुरल्या मिठागरांत राशी दिसायला लागल्या, की मी दोन किलो जाडं मीठ आणते, बरणी धुऊन उन्हात ठेवते, आणि वाटी हातात घेते. मग माझं डोकं फिरतं. दरवर्षी फिरतं. माझ्या घरात म्हणतात, आईचा राग कैरीसारखा आहे, सीझनला येतो.

येऊ दे. आता हे वय असं आहे की बाईला राग आला की लोक कारण विचारत नाहीत, बीपीचं मशीन शोधतात. गोळी घेतलीत का, पाणी पिता का, जरा पंख्याखाली बसा. अहो, मी बसते पंख्याखाली. पण मला जे म्हणायचंय ते ऐका तरी. म्हणून हे लिहायला घेतलंय. सातवी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, बोलल्यासारखं होईल, सांभाळून घ्या.

गिरगावातनं आम्ही इथे आलो तेव्हा आमच्या गॅलरीतून थेट खाडीपर्यंत आगरं दिसायची. उन्हाळ्यात इतका पांढरा उजेड यायचा की दुपारी पडदा लावावा लागायचा. माणसं रांगेने उभी राहून पायांनी जमीन चोपायची, मग खाडीचं पाणी घ्यायचं, ते उन्हाने आटवायचं, खाली धरलेलं मीठ ओढून राशी करायच्या. आणि पावसाच्या आधी त्या राशी गवताने शाकारायच्या, अगदी घर शाकारावं तशा. हे मला चांगुणाबाईने सांगितलं. तिच्या सासरची आगरं होती, इथल्याच मोरवा गावात. ती भाजीची पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. माठ, वालाच्या शेंगा, कधी चार लिंबं. उंबऱ्याशी पाटी उतरवली की पहिलं पाणी मागायची आणि मग चहा. चहा पिता पिता म्हणायची, "मीठ झाकलं तर मीठ गो बाय, न्हाय तर पानी." मी हसायचे. मला वाटायचं, मिठाबद्दल बोलतेय.

चांगुणाबाई धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. इथल्या गावांत लग्नात धवले म्हणतात, लग्नाची गाणी. ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजीचा मान भटजीला, पण तिने म्हटल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. भटजी घाई करायला लागला तर चांगुणाबाई त्याच्याकडे अशी बघायची की तो बिचारा पंचांग चाळत बसायचा. तिच्या पुतण्याच्या लग्नाला गेले होते मी पहिल्यांदा. बाहेर बेंजो वाजत होता, आत ही बसलेली, डोळे मिटलेले, आणि एकामागून एक देव, पितर, नदी, झाडं यांना लग्नाला बोलावत होती. नाव घेऊन. जसं आपण पत्रिका देतो तसं. मी आयुष्यात फार गाणी ऐकलीत, रेडिओवर वाढलेली बाई आहे मी. पण असं नाही ऐकलं.

मी म्हटलं, मला लिहून घेऊ दे. ती म्हणाली, लग्नाबिगर धवला म्हणायचा नसतो, अवदसा येते. झालं. आठ दिवस माझ्याशी नीट बोलेना. नवव्या दिवशी पाटी उतरवली आणि स्वतःच म्हणाली, "सुपारी हाय का घरान? दोन आन." माझ्या देव्हाऱ्यातल्या दोन सुपाऱ्या तिने पाटावर ठेवल्या, एकीला कुंकू, एकीला हळद. "ही नवरी, हा नवरा. आता लिव." असं ते दोन सुपाऱ्यांचं लग्न आमच्याकडे दोन वर्षं लागत होतं. दर मंगळवारी, भाजी विकून झाली की. सुपाऱ्या झिजल्या हाताळून. पाच वह्या भरल्या माझ्या. दोनशे पानी, रेघांच्या.

त्यात एक धवला होता, नवरीला हळदीचं पहिलं बोट लावायच्या आधीचा. तो बाकीच्यांपेक्षा वेगळा. त्यात देव नव्हते, पितर नव्हते. त्यात मोरव्याची आगरं होती. तिच्या सासूच्या सासूने बांधलेला. एकेका आगराला नाव घेऊन बोलावणं. ये गो थोरली, ये गो वाकडी, असं. आगरांची नावं मला तेव्हा कळली, ती कुठल्या कागदावर नाहीत. आणि एकीचंही नाव सुटून चालत नाही, कारण सुटली ती रुसते आणि नवरीच्या संसाराला मीठ देत नाही. तो धवला सांगायला चांगुणाबाईला तीन मंगळवार लागले. मधेच थांबायची, मनातल्या मनात बांधावरून चालत जाऊन यायची, आणि म्हणायची, "हां. चिंचंखालची ऱ्हायली." मग पुन्हा पहिल्यापासून.

आता त्या गृहस्थाकडे येते. नाव लिहीत नाही, त्याची लायकी नाही. गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात तो आला, गळ्यात टाय, हातात मशीन, भिंतीवर उजेड पाडून दाखवला. मंडळाची वेबसाइट. "माताजी, आपके गाने पूरी दुनिया में दिखेंगे." मला माताजी म्हणाला. मी पाघळले. इंटरनेटवरची जागा त्याची, साइट ठेवायचे कॉम्प्युटर त्याचे, आम्ही फक्त टाइप करायचं. आणि मी केलं. घरी मुलाचा जुना कॉम्प्युटर होता, दोन बोटांनी बसायचे टकटक करत. सरकारी कोर्सही केला होता तीन महिन्यांचा, वर्गात सगळ्यात म्हातारी मीच. वर्षभरात पाचही वह्या साइटवर चढवल्या, थेट, जागच्या जागी. घरी कॉपी ठेवायची असते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मला सुचलं नाही. मला वाटलं, तिथे ठेवलं म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं.

साइटवर गेस्टबुक होतं. मस्कतहून मोरव्याच्याच एका मुलीने लिहिलं होतं, आजीचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं. मी ते वाचून चांगुणाबाईला सांगितलं तर ती विचारते, "कोनाची पोर ती? आयचं नाव विचार." त्या आनंदात मंडळाने हळदीकुंकवाला वाट्या वाटल्या, पत्ता कोरून. चांगुणाबाईची सून रेखा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या कारखान्यात कामाला, तिथूनच आणल्या.

आणि मग मी ती गोष्ट केली. सांगते. लपवत नाही.

त्या पाच वह्यांत देवांची नावं पानोपानी. रद्दीत कशा घालायच्या? घरात वाळवी लागलेली, जागा नाही. सगळं तर आता साइटवर आहेच. आपल्याकडे जुनी पोथी, देवाचा फोटो, असं काही असलं की आपण काय करतो? मी वह्यांना हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि अनंत चतुर्दशीला निर्माल्याबरोबर खाडीत सोडल्या. हात जोडले वर. आमच्याच मजल्यावरची, मंडळातली कुसुमताई माझ्या शेजारी उभी होती, तिनेही जोडले. वह्या लगेच बुडाल्या नाहीत, थोड्या तरंगल्या. मला वाटलं, बघा कशा निरोप घेतायत.

राग त्या गृहस्थाचा येतो हे खरं. पण चैत्रात वाटी हातात घेते तेव्हा पहिला चेहरा त्याचा येत नाही.

त्या वर्षी पौषात चांगुणाबाईला लकव्याचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. म्हणजे आवाज यायचा, शब्द सुटे सुटे यायचे, मधले गाळलेले. पाटी बंद. आणि वैशाखात तिच्या नातीचं, थोरल्या मुलाच्या प्रणालीचं लग्न ठरलेलं. आजी धवलारीण आणि नातीच्या लग्नात धवले नाहीत? रेखा माझ्याकडे आली. शहाणी पोर, बारावी झालेली, लाजत म्हणाली, "काकू, सासूबाई म्हणतायत मी म्हणायचं. मला चाल येते, ऐकून ऐकून. पण शब्द न्हाय येत सगळे. तुम्ही साइटवरचं छापून द्याल?"

"एवढंच ना," मी म्हटलं. "उद्या घेऊन जा."

त्याच दिवशी साइट उघडायला गेले तर पांढरं पान. वर इंग्रजीत एक ओळ, पान सापडत नाही. साइट मधूनमधून बंद पडायची तशी, आठवड्यातनं एकदा तरी, पण संध्याकाळी चालू व्हायची. या वेळी झाली नाही. फोन केला. "सर्व्हर डाऊन है माताजी. कल हो जायेगा." दुसऱ्या दिवशी केला. "कल." तिसऱ्या दिवशी. "बस, कल." आपल्या मराठीत उद्या म्हणजे उद्या असतो. त्याच्या तोंडी कल म्हणजे नक्की कुठला दिवस हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. रेखा रोज कामावरून येताना खाली थांबायची, मी गॅलरीतून नाही म्हणून मान हलवायचे, ती जायची. दोन आठवडे असे गेले. उन्हं वाढत होती, आगरात राशी वाढत होत्या, लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मग मी आणि कुसुमताई रिक्षा करून मीरा रोडला त्याच्या ऑफिसात गेलो. एसी, काचेचा दरवाजा, पाण्याचा थंड ग्लास. तो अगदी गोड. "टेन्शन मत लो माताजी, बीपी बढ़ेगा." मी म्हटलं, माझं बीपी माझ्याकडे, तुम्ही माझी गाणी द्या. तर म्हणे डेटा अमेरिकेत आहे. मी म्हटलं, मग अमेरिकेला फोन लावा. हसला. पासवर्ड मागितला तर म्हणे कंपनीची पॉलिसी नाही. कुसुमताई आयुष्यात कुणाला उलट बोलली नाही, ती म्हणाली, "अहो, तुमच्या घरचं लग्न असतं तर?" त्यावर तो म्हणाला, "आंटीजी, सर्व्हर को क्या पता किसके घर की शादी है."

हे वाक्य मी विसरले नाही. रिक्षात बसलो. कुसुमताई म्हणाली, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ दे म्हणू नकोस, आज कुणीही मला जाऊ दे म्हणू नका.

आमच्या वरच्या मजल्यावर हंसाबेन राहतात, त्यांची सून जिग्ना. एका ट्रॅव्हल एजन्सीची वेबसाइट ती सांभाळायची, घरी बसून, दोन पोरांना जेवू घालता घालता. तिच्याकडे गेले. ती पीठ मळत होती, तसंच ऐकलं सगळं आणि एकच विचारलं. "आंटी, साइट का नाम किसके नाम पे है?"

मला प्रश्नच कळला नाही. तिने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं. नाव त्याच्या नावावर. वाटीवर कोरलेला पत्ता आमचा नव्हताच. बघा, आम्ही भाईंदरची माणसं. आमच्या किती बिल्डिंगांची जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे, कन्व्हेयन्स नाही, मीटिंगांमध्ये आरडाओरडा ऐकत आम्ही म्हातारे झालो. फ्लॅट घेताना दहा जणांना विचारतो, कागद कुणाच्या नावावर? आणि इथे वर्षभर राहिलो, एकदाही विचारलं नाही.

"तो मर गया समझो," जिग्ना म्हणाली. "नया नाम, नयी जगह, अपने नाम पे. पुराना जितना उठा सकते हैं, उठायेंगे." आणि मला काम लावलं. असले सर्व्हर मधेच तासभर उठतात, पुन्हा पडतात. दर अर्ध्या तासाने बघत राहायचं. उठला की प्रत्येक पान उघडायचं आणि सेव्ह करायचं. एका पानावर एक धवला, अशी एकशे बारा पानं होती. एका बाईने होणारं काम नव्हतं ते.

मी बघत राहिले. भाजी फोडणीला टाकली की बघायचे, पूजा झाली की बघायचे. पांढरं पान, पांढरं पान. आणि एका सकाळी, पावणेअकरा वाजता, साइट उघडली. आमच्या मंडळाचा बॅनर, त्यावरची तेरड्याची फुलं, सगळं जसंच्या तसं, जणू काही झालंच नव्हतं.

त्या दिवसांत पाणी दिवसाआड यायचं. अकरा ते पावणेबारा. तो पाण्याचा दिवस होता. ज्यांनी त्या वेळचं भाईंदर पाहिलंय त्यांना सांगायला नको, पाण्याच्या वेळी बाई नळ सोडून कुठे जात नाही, मेलेलं माणूस घरात असलं तरी. मी मॅक्सीवरच ओढणी घेतली, जिन्यात उभी राहिले आणि हाका मारल्या. कुसुमताई बादली घेऊन बाहेर आली. "अगं, पाणी येईल आता."

"येऊ दे."

एवढंच म्हणाले मी. तिने बादली तिथेच ठेवली. जिग्ना पोरांना सासूकडे देऊन उतरली. आणखी दोघी आल्या. बिल्डिंगच्या खाली सायबर कॅफे होता, पाच मशीन. एकावर एक गृहस्थ पत्ते खेळत होते, त्यांना उठवलं. जिग्नाने पानं वाटून दिली, तू इतक्यापासून इतक्या. आम्ही पाच बायका, जिग्ना सोडली तर सगळ्या चाळिशीपुढच्या, त्यातल्या दोघींनी माऊस पहिल्यांदा धरलेला. आणि पान उघडलं तर मराठीच नाही. नुसते किडेमकोडे, टोप्या, चौकोन. त्या कॅफेत आमचा फॉन्ट नव्हता. कुसुमताई रडायलाच आली, "अगं गाणी सडली." जिग्ना ओरडली, "सडी नहीं हैं, घर पे दिखेंगी, आप बस सेव्ह करो, पढ़ो मत." त्यापुढे आम्ही काही वाचलं नाही. काय वाचवतोय ते न कळता वाचवत होतो. वरून जिन्यातून बादल्या ओसंडल्याचा आवाज येत होता, कुणाच्या तरी घरी नळ उघडा राहिला होता. कुणी उठलं नाही.

सव्वाबाराला साइट गेली. एकशे बारापैकी एकशे अकरा पानं आली होती. शेवटचं माझ्या मशीनवर उघडत होतं. नाव आलं. त्या टोप्याचौकोनांतही मी ते नाव ओळखलं असतं, इतक्या वेळा टाइप केलं होतं. नाव आलं आणि खाली पांढरं राहिलं. आगरांचं बोलावणं.

पुढच्या पंधरा दिवसांत त्या जागी पुन्हा काही उठलं नाही. जिग्नाने नवीन जागा घेतली, नवीन नाव घेतलं, मंडळाच्या तिघींच्या नावावर, पासवर्ड तिघींकडे, माझा मी शिलाईच्या डब्यात ठेवलाय. एकशे अकरा धवले तिथे चढले. रेखाला छापून दिले. ती कारखान्यातून येताना बसमध्ये पाठ करायची, लोक बघायचे म्हणे.

त्या एका पानासाठी मी मोरव्याला गेले. सुपाऱ्या घेऊन. चांगुणाबाई पडवीत खुर्चीवर बसलेली, अर्धा चेहरा झोपल्यासारखा. मी पाट मांडला, एकीला कुंकू, एकीला हळद. तिने ओळखलं. डाव्या हाताने लिहिल्यासारखं केलं. वही कुठे?

काय सांगणार? सांगितलं. बुडवली. खाडीत. देवाची नावं होती म्हणून.

"पान्यान?" तिने विचारलं. एवढं स्पष्ट, अटॅकनंतर तितकं स्पष्ट ती काही बोलली नव्हती.

मी मान हलवली. तिला राग यायला हवा होता. मला हवा होता तिचा राग. ती कष्टाने एकेक शब्द काढत म्हणाली, "न्हाय... झाकलंस."

मग तिने प्रयत्न केला. रेखा शेजारी वही धरून बसली. थोरली आली. वाकडी आली. पाणबुडी, भटाची, चिंचेखालची. पाच. मग थांबली. बोटाने हवेत बांध काढत होती, इथून वळायचं, मग इथे. पण बांधच राहिले नाहीत ना. पडवीतून समोर बघितलं तर सात मजली बिल्डिंग. तिने तीन दिवस प्रयत्न केला, मी रोज गेले. पाचाच्या पुढे जाईना. रेखा म्हणाली, "आई, पाचच म्हणते ना. कोनाला कललंय?" चांगुणाबाईने डावा हात खुर्चीवर आपटला. पाच बोलवायच्या आणि बाकीच्या नाही, हे तिला चालणार नव्हतं. बोलवायचं तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही.

वैशाखात लग्न झालं. रेखाने धवले म्हटले. सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागला. मी मागे बसले होते कागद घेऊन, काही अडलं तर सांगायला. अडलं नाही. हळदीचं ताट आलं, प्रणालीला पाटावर बसवलं, मामीने बोट बुडवलं. आणि त्या जागेवर रेखा थांबली. सासूकडे बघितलं.

चांगुणाबाईने डावा हात वर केला. सगळ्या बायका गप्प झाल्या. बाहेर कुणीतरी जाऊन बेंजो थांबवला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. थांबायचं, चालायचं, थांबायचं. मामीच्या बोटावरची हळद ओघळून मनगटापर्यंत आली, तिने पुसली नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग हात खाली आला.

"लाव," म्हणाली.

श्रावणात त्या गृहस्थाचा फोन आला. मी कुकर लावत होते. "माताजी, नया सर्व्हर आ गया, एकदम फर्स्ट क्लास. आपका रिन्यू कर दूँ?" मी विचारलं, जुनी पानं आहेत का? म्हणे, वो तो पुराने सर्व्हर के साथ गया, आप दुबारा टाइप कर लीजिए, आपके पास कॉपी तो होगी. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी बोलत होते. चार महिने साठवलेलं सगळं. गिरगावच्या चाळीत नळावर शिकलेलंही काही होतं त्यात. तिसरी शिट्टी झाली, मी दम घ्यायला थांबले, तर तिकडून आवाज आला, "माताजी, मराठी थोड़ा कम समझता हूँ."

चांगुणाबाई गेली त्याला दोन वर्षं होतील. आता रेखा धवलारीण. कारखान्यातून सुट्टी काढून जाते लग्नांना, मोरव्यात, कधी काशीगावात. नवीन साइट चालू आहे, एकदाही पडली नाही, आणि दर चैत्रात मी सगळी पानं छापून कापडात बांधून ठेवते. जिग्ना हसते. हसू दे.

यंदा मोरव्यात एका लग्नाला गेले होते. हळदीचं ताट आलं. रेखाने हात वर केला. बेंजो थांबला, कुणाला सांगावं लागलं नाही. सगळा मांडव गप्प, पोरंसुद्धा. माझ्या शेजारी एक तरुण सून बसली होती, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, नखांना रंग, मांडीवर पर्स. तिची धाकटी जाऊ कुजबुजली, हे गप्प का बसायचं असतं? तर ती म्हणाली, "शांत बस गं. आपला जुना रिवाज आहे हा. हळदीच्या आधी सगळ्यांनी मौन धरायचं. किती छान वाटतं ना?"

छान वाटतं. रेखाचा हात खाली येईपर्यंत मी दात आवळून बसले, कारण तेवढी वेळ चांगुणाबाईची आहे, ती मला मोडता येत नाही. हळद लागली, बेंजो सुरू झाला, आणि मी त्या मुलीकडे वळले.

म्हटलं, "रिवाज नाही हा, बाळ. इथे एक गाणं होतं. आम्ही घालवलं. एका माणसाने निष्काळजीपणे घालवलं आणि मी हात जोडून घालवलं."

ती घाबरलीच जरा. म्हातारी एवढी रागावून का बोलतेय तिला कळेना. सारवासारव करत म्हणाली, "कसलं गाणं, काकू?"

"आगरांना लग्नाला बोलवायचं. थोरली, पाणबुडी, भटाची, चिंचेखालची, वाकडी."

"वाकडी?" तिला हसू आलं. "ती कुठे होती?"

मी तिला विचारलं ती राहते कुठे. तिने बिल्डिंगचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "तिथेच."

तिचं हसू गेलं. मांडवाबाहेर बघितलं तिने, बिल्डिंग इथून दिसते. मग हळूच विचारलं, "आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांना," मी म्हटलं, "बोलावणं गेलं नाही."